आशा नेमकी कोणाची?

सप्टेंबर उजाडला की नागपुरात आशा भोसल्यांच्या गाण्यांच्या कार्यक्रमांची रांग लागते. ८ सप्टेंबर १९३३ ही त्यांची जन्मतारीख, तेवढं निमित्त पुरतं. वसंतराव देशपांडे सभागृहात, सायंटिफिकला, साई सभागृहात, शिवाय ज्यांच्याकडे दोन माईक आणि एक बऱ्यापैकी स्पीकर आहे अशा प्रत्येक कराओके क्लबात. आणि कार्यक्रम सुटल्यावर पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर तोच वाद: आशाची खरी कारकीर्द कोणती? ओ.पी.वाले, म्हणजे संगीतकार ओ. पी. नय्यरांचे चाहते, म्हणतात, 'नया दौर' ते सत्तरच्या दशकाची सुरुवात. त्याच्यापुढं सगळा गोंगाट. पंचमवाले, म्हणजे राहुलदेव बर्मनचे चाहते, म्हणतात, बाप्पा, 'तीसरी मंज़िल'च्या आधी आशा होती कुठं? गझलवाले खय्यामच्या 'उमराव जान'च्या खाली उतरायला तयार नसतात. पंचेचाळिशीच्या आतले रहमानचा 'रंगीला' म्हणून मोकळे होतात.

या वादाला माझा विरोध नाही. गाण्यावर भांडणारं गाव जिवंत असतं. पण हा वाद फार वाईट रीतीनं चाललाय, कारण सगळ्या बाजूंनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे. ती अशी की, आशाताईंची कारकीर्द म्हणजे एकामागून एक येणारी स्टेशनं, ओ.पी. गेलं की पंचम येतं, पंचम सुटलं की खय्याम. माझं म्हणणं आहे, पार्श्वगायिकेची कारकीर्द अशी लांबीनं कापता येत नाही. ती आडवी कापून पाहावी लागते. एक साल घ्या आणि त्या सालात हा एक गळा एकाच वेळी काय काय करत होता ते मांडा. आणि तरीही 'ते राहू दे, एक काळ निवड' असा आग्रह असेल, तर मी १९७० ते १९७४ निवडतो. पंचमवाल्यांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत, माझं कारण त्यांचं नाही.

आधी हे कालखंड पाडले कोणी ते पाहू. ओ.पीं.ची आशा, पंचमची आशा, खय्यामची आशा, रहमानची आशा. चार कालखंड, चारही पुरुष संगीतकारांच्या नावानं. हीच फूटपट्टी आपण बालगंधर्वांना लावतो का? 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, १९११ च्या. 'स्वयंवर' भास्करबुवा बखल्यांचं, १९१६ चं. 'कान्होपात्रा' मास्टर कृष्णरावांचं, १९३१ चं. वीस वर्षांत तीन अस्सल संगीतकार, तिघांची घडण वेगळी. पण 'टेंब्यांचे बालगंधर्व' आणि 'बखल्यांचे बालगंधर्व' असं बोललेलं कोणी ऐकलंय? उलट आपण म्हणतो, बुवांनी चाल दिली, पण गाणं गंधर्वांचं. 'नया दौर'मध्ये आशाताईंच्या जोडीला रफीसाहेबच गायले होते, मग 'ओ.पीं.चा रफी' असा कालखंड कोणी का काढत नाही? किशोरकुमारच्या कारकिर्दीत आपण रेघ मारतो ती 'आराधना'वर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या यशावर. बाईच्या बाबतीत मात्र रेघ मारायला आपल्याला घडवणारा पुरुष लागतो.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. ओ.पी. नय्यर नसते तर काय झालं असतं? आशाताई १९४३ साली, वयाच्या दहाव्या वर्षी 'माझा बाळ' या मराठी चित्रपटासाठी पहिल्यांदा गायल्या. त्यानंतर बारा-तेरा वर्षं त्यांच्या वाट्याला काय आलं? कमी बजेटचे चित्रपट, खलनायिकेची गाणी, दुय्यम नायिकेची गाणी, मोठ्या गायिकांनी नाकारलेली गाणी. ओ.पीं.नी आख्ख्या कारकिर्दीत लता मंगेशकरांकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. नायिकेचा आवाज म्हणून त्यांनी आशाताईंना उभं केलं. १९५७ च्या 'नया दौर'नंतर बी. आर. चोप्रांसारख्या मोठ्या निर्मात्याचं दार उघडलं ते उघडलंच. ओ.पीं.नी त्यांच्या आवाजातली खालची, भरीव बाजू पुढं आणली, ठेक्याच्या अंगावर शब्द टाकायला लावले. हे सगळं मान्य. कोणाला संधी दिली याचं श्रेय देणाऱ्याला मिळालंच पाहिजे.

पण संधी देणं वेगळं आणि कालखंडाची मालकी वेगळी. ओ.पीं.चा म्हणून जो काळ सांगितला जातो, त्याच काळात सचिनदेव बर्मन कुठं होते? लताबाईंशी त्यांचं फिसकटलेलं होतं आणि १९५८ चं 'काला पानी', त्याच सालचं 'चलती का नाम गाड़ी', १९५९ चं 'सुजाता' या सगळ्यांत आशाताई आहेत. १९६३ च्या 'बंदिनी'तलं 'अब के बरस भेज भैया को बाबुल' ऐका. तुरुंगाच्या आवारात एक कैदी बाई माहेर आठवते आहे. ओ.पीं.चा टांग्याचा ठेका नाही, खट्याळपणा नाही. स्वर दाबलेला, गळा भरून आलेला, पण रडण्याचं प्रदर्शन नाही. मग ही कोणाची आशा? 'एसडींची आशा' नावाचा कार्यक्रम नागपुरात झालेला मला आठवत नाही. झालाच तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.

किंवा १९६५ घ्या. त्या सालात ओ.पीं.चं 'मेरे सनम' आलं, 'जाइए आप कहाँ जाएँगे'वालं. म्हणजे ओ.पी.वाल्यांच्या हिशोबानं ऐन मध्यान्ह. त्याच साली रवींच्या 'काजल'मध्ये 'तोरा मन दर्पण कहलाए' आहे. आपल्याकडच्या भजनी मंडळांत आजही ते म्हटलं जातं आणि म्हणणाऱ्या निम्म्या बायकांना ते सिनेमातलं आहे हेही ठाऊक नसतं. त्याच साली, त्याच रवींचं 'वक़्त'मधलं 'आगे भी जाने न तू'. क्लबातलं गाणं, पण क्लबाचा उथळपणा नाही. एक भजन, एक लाडिक प्रेमगीत, एक पार्टीतलं तत्त्वज्ञान. तिन्ही एकाच बाईचे, एकाच सालचे. कालखंड कुठून कापणार?

इथं पुरस्कारांचा दाखला उपयोगी पडतो. पुरस्कार म्हणजे गुणवत्ता असं मी मानत नाही. पण 'लोकांनी कोणती आशा डोक्यावर घेतली' हाच वादाचा विषय असेल तर लोकप्रिय पुरस्कार टाळून कसं चालेल? आशाताईंना गायनाचं फिल्मफेअर स्पर्धेत सात वेळा मिळालं. 'दस लाख'साठी, संगीत रवींचं. 'शिकार'मधल्या 'परदे में रहने दो'साठी, शंकर-जयकिशनचं. 'कारवाँ' आणि 'हरे रामा हरे कृष्णा'साठी, पंचमचं. 'नैना'साठी, पुन्हा शंकर-जयकिशनचं. 'प्राण जाए पर वचन न जाए'मधल्या 'चैन से हमको कभी'साठी, ओ.पीं.चं. आणि १९७८ च्या 'डॉन'मधल्या 'ये मेरा दिल'साठी, कल्याणजी-आनंदजींचं. त्यानंतर माझं नाव नामांकनात घेऊ नका असं त्यांनीच सांगितलं. सात पुरस्कार, पाच संगीतकार. ओ.पीं.च्या वाट्याला एक, आणि तोही दोघं वेगळे झाले त्या वेळच्या गाण्याला. न्यायाचं बोलायचं तर ओ.पीं.च्या खऱ्या बहरात गायिकांसाठी वेगळं फिल्मफेअर नव्हतंच, गायक-गायिका मिळून एकच असायचं. म्हणून हा आकडा ओ.पीं.वर मी फार ताणणार नाही. पण कल्याणजी-आनंदजी, रवी आणि शंकर-जयकिशन यांच्या नावाचा एकही आशा-कालखंड आपण पाडत नाही, आणि सातांपैकी चार पुरस्कार त्यांच्याच गाण्यांचे आहेत, हे तरी खटकायला हवं की नाही?

दुसरा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे. कालखंड खोटे कसे म्हणता, आवाज बदलतोच, तंत्र बदलतं. साठच्या दशकात सगळे वादक एका हॉलमध्ये बसून गायिकेबरोबर एकदम वाजवायचे. एक व्हायोलिन चुकलं की सगळं पहिल्यापासून. 'रंगीला'पर्यंत, म्हणजे १९९५ पर्यंत, गायिका एकटी हेडफोन लावून ट्रॅकवर गायला लागली होती, आणि तेव्हा आशाताईंचं वय बासष्टीला टेकलं होतं. तर त्या आवाजात फरक नाही असं कोण म्हणेल? मी तर मुळीच म्हणणार नाही. पण वयानं आणि तंत्रानं पडणारे फरक हे एक आहेत, आणि 'खय्यामनी आशाला गझल शिकवली' हे म्हणणं दुसरं आहे. १९८१ च्या 'उमराव जान'साठी खय्यामनी त्यांना नेहमीच्यापेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं, हे खरं. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही योग्यच. पण तो संयत, थांबून बोलणारा स्वर १९८१ साली जन्माला आला नव्हता. तो मराठीत आधीच होता, आपण ऐकत होतो आणि मोजत नव्हतो.

नागपूरकरांनी हे विसरावं याचं मला विशेष वाईट वाटतं. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. घरात मराठी आणि बाजारात हिंदी ही आपली रोजची रीत. दोन्ही भाषांतली आशा एकत्र ऐकण्याची सोय मुंबई-पुण्यापेक्षा आपल्याला जास्त होती. आणि आपण केलं काय? हिंदी गाण्यांची संध्याकाळ वेगळी, मराठी भावगीतांची संध्याकाळ वेगळी. हिंदीला जॅझ ड्रम, सॅक्सोफोन, चमचमते ड्रेस. मराठीला पैठणी, हार्मोनियम, कोजागिरीचं दूध. श्रोतेही वेगळे. हिंदीच्या वादात मराठी गाणं काढलं की लोक असं बघतात, जणू लग्नाच्या पंगतीत मी घरचा डबा उघडलाय.

बहुतेक मराठी पोरांनी आशाताईंचा आवाज पहिल्यांदा कुठं ऐकला असेल? 'नाच रे मोरा'मध्ये. १९५३ चा 'देवबाप्पा', शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची. 'नया दौर'च्या चार वर्षं आधी. 'ओ.पीं.च्या आधी आशा नव्हती' म्हणणारा प्रत्येक नागपूरकर बालवाडीत त्याच आवाजावर नाचलेला आहे. मग त्या काळाला 'पु.लं.ची आशा' म्हणायचं का? हसू येतं ना? पंचमच्या नावावर मात्र येत नाही.

सुरेश भटांचं पाहा. अमरावतीचे, पण नागपूरचे होऊन गेले आणि २००३ साली नागपुरातच गेले. रेशीमबागेतल्या सभागृहाला आपण त्यांचं नाव दिलंय आणि त्याच सभागृहात आशाताईंचे हिंदी कालखंड साजरे करतो. भटांच्या शब्दांना हा आवाज किती वेगवेगळ्या रीतीनं भेटला आहे! 'घरकुल'मधलं 'मलमली तारुण्य माझे' सी. रामचंद्रांनी बांधलेलं, सगळा लाड आणि लाज. आणि १९७९ च्या 'सिंहासन'मधलं 'उषःकाल होता होता', हृदयनाथांनी बांधलेलं. त्यात लाडाचा लवलेश नाही, एक थंड संताप आहे. 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' याच्या जेमतेम वर्षभर आधीचं. ज्या गळ्यानं हेलनसाठी तो पेटता मोह गायला, त्यानंच आणीबाणीनंतरच्या महाराष्ट्राचा भ्रमनिरास गायला. एवढी मोठी झेप एका वर्षात घेतलेली दुसरी गायिका मला दाखवा. पण हिंदी संध्याकाळी 'उषःकाल' बसत नाही आणि मराठी संध्याकाळी 'डॉन' बसत नाही, म्हणून ही झेप कोणाला दिसतच नाही.

ऑर्केस्ट्रावाल्यांना ती दिसते, कारण त्यांना ती निभवावी लागते. तालमीला जाऊन बसा. 'पिया तू अब तो आजा'साठी एक मुलगी लागते. दम असलेली, कारण मुखडा येण्याआधीचं ते धापा टाकणं नुसतं धापा टाकून होत नाही. श्वास ठेक्यात पडावा लागतो आणि तरी तो श्वासच वाटावा लागतो. जरा सूर लागला की ते गाणं होतं, जरा सुटला की दमेकरी. 'का रे दुरावा' आलं की त्या मुलीच्या हातातला माईक दुसरीकडे जातो. तिथं श्वास ऐकू यायलाच नको. 'का रे' म्हणताना रुसवा आहे पण तक्रार नाही, आणि 'रे'वर जोर दिला की सगळं भांडण होऊन बसतं. कीबोर्डवाले काका अशा वेळी वैतागून म्हणतात, "भाऊ, आवाज एकाचा आहे आन् गायला तीन तीन जणी लागून राह्यल्या." माझ्या मते आशाताईंवर आजवर झालेल्या समीक्षेतलं हे सगळ्यात नेमकं वाक्य आहे.

आणि ही दोन्ही गाणी कधीची? 'का रे दुरावा' 'मुंबईचा जावई'मधलं, १९७० चं, चाल सुधीर फडक्यांची. 'पिया तू' 'कारवाँ'मधलं, १९७१ चं.

माझ्या भाचीचं म्हणणं वेगळं होतं. ती टेलर स्विफ्टवाली. २०२३-२४ मध्ये त्या बाईनं आपली सगळी कारकीर्द कालखंडांत मांडून जगभर दौरा केला. मग आशा आजींनाच का सूट, असा तिचा सवाल. सवाल रास्त आहे आणि उत्तरही त्यातच आहे. तिकडची पॉप स्टार दर दोन-तीन वर्षांनी आल्बम काढते, त्याची गाणी स्वतः लिहिते, वेश बदलते, रंग ठरवते, एक पर्व बंद करून दुसरं उघडते. मायकल जॅक्सनचं १९८२ चं 'थ्रिलर' आणि १९८७ चं 'बॅड' यांत रेघ मारता येते, कारण ती त्यानंच मारलेली आहे. आपल्या पार्श्वगायिकेला सकाळी एका स्टुडिओत भजन आणि दुपारी दुसऱ्या स्टुडिओत कॅबरे असायचं. गाणं कोणत्या नटीवर जाणार, सिनेमा कधी लागणार, लागणार की डब्यात जाणार, यातलं काही तिच्या हातात नाही. 'चैन से हमको कभी' तर सिनेमातून गाळलेलंच होतं, तरी पुरस्कार घेऊन गेलं. अशा कारकिर्दीवर पर्वं लादणं म्हणजे दुसऱ्याच धंद्याचा हिशोब हिच्या वहीत लिहिणं.

आणि पर्वं मानलीच, तर २००५ चं काय करायचं? त्या साली क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्यवृंदाबरोबर पंचमची जुनी गाणी आशाताई पुन्हा गायल्या, 'चुरा लिया है'सुद्धा. वय एकाहत्तर-बहात्तर. पंचम जाऊन अकरा वर्षं झालेली. ही पंचमची आशा की पंचमनंतरची? मी हा प्रश्न एका कट्टर पंचमवाल्याला टाकला. तो म्हणाला, "ते धरायचं नाही." का नाही धरायचं, ते मात्र सांगितलं नाही.

'सगळेच काळ चांगले' असं म्हणून मी सुटका करून घेत नाहीये, तो भित्रेपणा झाला. १९४३ ते ५६ मधल्या पुष्कळ गाण्यांत आवाज अजून दुसऱ्यांच्या सावलीत आहे. ऐंशीच्या दशकात 'उमराव जान' आणि 'इजाज़त' ही दोन शिखरं सोडली तर सपाट, कंटाळवाणं काम ढिगानं आहे. तो दोष त्यांचा नसून त्या दशकाच्या हिंदी सिनेमाचा आहे, पण ऐकणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो? नव्वदीतल्या पॉप आल्बमांवर मी फार वेळ घालवणार नाही.

म्हणून १९७० ते १९७४. ओ.पीं.शी तुटण्याआधीची शेवटची गाणी, पंचमचा पहिला जोर, फडक्यांचं आणि सी. रामचंद्रांचं मराठी, हे सगळं त्या चार-पाच वर्षांत एकाच वेळी चालू आहे. एक काळ संपून दुसरा सुरू होत नाही, सगळे एकमेकांच्या अंगावर आहेत. पंचमवाले इथं म्हणणारच, 'म्हणजे शेवटी आमचंच!' तर त्यांनी त्या चार वर्षांची फिल्मफेअरं ओळीनं मांडावीत. १९७२ पासून १९७५ पर्यंत सलग चार समारंभांत आशाताई जिंकल्या: 'कारवाँ', 'हरे रामा हरे कृष्णा', 'नैना', 'प्राण जाए पर वचन न जाए'. दोन पंचमचे, एक शंकर-जयकिशनचा, एक ओ.पीं.चा. त्यातलं 'नैना'मधलं 'होने लगी है रात जवाँ' मी नागपुरातल्या एकाही कार्यक्रमात ऐकलेलं नाही. शंकर-जयकिशनची आशा असा कालखंडच कोणी काढलेला नसल्यामुळे ते कोणत्या संध्याकाळी बसवायचं, हे बहुधा कोणाला ठरवता येत नसावं.